येरवड्याच्या अलीकडे

मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला पंचेचाळिशीचा शेतकरी सर्जिकल वॉर्डात दाखल होतो. पहिला दिवस वेदनेत जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, जेवण नको म्हणतो. नातेवाईक म्हणतात, अपघाताची भीती बसलीय. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला तो सलाईन उपसून टाकतो, भिंतीवरून किडे चाललेत म्हणतो, उशाशी बसलेल्या बायकोला ओळखत नाही आणि ‘ट्रॉली भरायची राहिलीय’ म्हणत मोडक्या पायानं खाटेवरून उतरायला बघतो. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसतात. कुणी म्हणतं वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरची बाधा. वॉर्डात त्या घटकेला एक स्टाफ नर्स असते, एक मावशी असते आणि असलीच तर रात्रपाळीला लावलेली नर्सिंगची एक विद्यार्थिनी.

ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्याला असा पेशंट नवा नाही. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक बंद पडली, की सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, भ्रम, ताप आणि वाढलेली नाडी एकदम अंगावर येतात. पुस्तकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत ओळखलं नाही तर माणूस दगावू शकतो. उपाय मात्र माहितीतला आणि स्वस्त आहे: बेंझोडायझेपिन गटातलं औषध, पाणी आणि क्षार भरून काढणं आणि थायमिन. तेही ग्लुकोजच्या बाटलीआधी. आधीच थायमिन कमी असलेल्या मेंदूला नुसतं ग्लुकोज मिळालं तर कायमची इजा होण्याचा धोका असतो. औषध लिहितात डॉक्टर. पण तिसरी रात्र टाळायची संधी पहिल्या दिवशी माहिती भरून घेणाऱ्या सिस्टरच्या हातात असते. ‘दारू घेतात का?’ हा प्रश्न सासऱ्यासमोर सुनेला विचारला, तर ‘कधीमधी’ एवढंच उत्तर येतं. तिलाच व्हरांड्यात बाजूला घेऊन ‘रोज किती, आणि शेवटची कधी?’ असं विचारलं, तर खरा हिशोब कळतो.

मानसिक आरोग्य परिचर्या म्हणतात ती हीच. फरक इतकाच, की ती हाडांच्या पेशंटच्या खाटेशी घडली. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मात्र हा विषय वेगळ्या कप्प्यात शिकवला जातो. त्याचं पुस्तक वेगळं, पोस्टिंग वेगळं आणि ते पोस्टिंग बहुधा वेगळ्या गावात.

अकलूज हे माळशिरस तालुक्यातलं नीरेकाठचं गाव साखर कारखान्यासाठी, घोडेबाजारासाठी आणि लावणी स्पर्धेसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. आसपासच्या तालुक्यांना ते दवाखान्यांचं गाव म्हणूनही ठाऊक आहे. इथून सोलापूर शंभरावर किलोमीटर, पुणे दीडशेच्या पुढे. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे; पण मनोरुग्णालयातच न्यायचं ठरलं, तर गाडी येरवड्याच्या दिशेनं धरावी लागते. महाराष्ट्रात अनेक वर्षं अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं होती आणि राज्याची सारी भिस्त त्यांच्यावर राहिली. येरवड्यात २५४० खाटा, ठाण्यात १८५०, नागपुरात ९४०, रत्नागिरीत ३६५. चौघांची बेरीज ५६९५ भरते. यांतली तीन तरी विसावं शतक नीट उजाडण्याआधीची किंवा उजाडतानाची: नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. इमारतींची मांडणी बघितली तरी कळतं, की माणसं बरी करून घरी धाडण्यापेक्षा त्यांना गावाबाहेर ठेवण्याची सोय त्या काळाला जास्त महत्त्वाची वाटत होती.

त्या काळात अशा ठिकाणी परिचारिका म्हणजे जवळजवळ राखणदार. १९१२ चा भारतीय वेडेपणाविषयक कायदा कोंडून कुणाला ठेवायचं आणि कुणाच्या हुकमानं, याच काळजीत होता. पुढं १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. नर्सिंगचं शिक्षण या बाबतीत कायद्याच्या पुढं चाललं, हे नोंदवायला हवं. बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निमहान्समध्ये, १९५० च्या दशकाच्या मध्यालाच मनोविकार परिचर्येची पदविका सुरू झाली. त्याच्या थोडं आधी, १९५२ साली, दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरात आलं आणि अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलॉ या परिचारिकेचं परिचर्येतल्या परस्परसंबंधांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. औषधानं वॉर्डातला आरडाओरडा कमी केला. शांत झालेल्या माणसाशी पुढं काय करायचं, याचं उत्तर पेपलॉबाईंनी दिलं: परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, आणि ते नातं टप्प्याटप्प्यानं घडवावं लागतं.

अशा नात्याचे टप्पे प्रत्येक विद्यार्थिनीला परीक्षेपुरते पाठ असतात. भेटीआधीची तयारी, ओळख, प्रत्यक्ष काम, निरोप. यांतला शेवटचा टप्पा सरकारी वॉर्डात सगळ्यात जास्त मोडतो. पोस्टिंग संपतं, बॅच परत जाते आणि आठवडाभर जिच्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला तो पेशंट ‘ती पोरगी कुठं गेली?’ म्हणून विचारत राहतो. आधीच माणसं सोडून गेलेल्याला हा आणखी एक धक्का. म्हणून निरोपाची सुरुवात पहिल्याच दिवशी करायची असते: ‘काका, मी इथं दोन आठवडे आहे, अमुक तारखेपर्यंत रोज अकरा वाजता येईन.’ आणि मग खरोखर अकरा वाजता यायचं. शिस्त साधी आहे, पण जर्नल पूर्ण करायच्या घाईत ती पहिल्यांदा सुटते.

बोलणं हे या विषयातलं मुख्य हत्यार मानलं, तर त्याचा सराव मराठीतच व्हायला हवा. वर्गात संवादाची तंत्रं इंग्रजी नावांनी शिकवली जातात आणि वॉर्डात समोर वेळापूरचे आजोबा असतात. समजा ते म्हणाले, ‘सिस्टर, भावकीनं जेवणात करणी घातलीय, मी ताटाला शिवणार नाही.’ नवख्या मुलीच्या तोंडून दोन उत्तरं चटकन निघतात. एक, ‘असं काही नसतं हो आजोबा, जेवा गुपचूप.’ दुसरं, त्यांचं मन राखायला, ‘बरं, मी सांगते त्यांना.’ पहिल्यानं वाद सुरू होतो आणि भ्रम आणखी घट्ट होतो, कारण भ्रम पुराव्यानं हलत नाही, म्हणूनच तो भ्रम. दुसऱ्यानं भ्रमाला साक्षीदार मिळतो. शिकलेली परिचारिका मधली वाट धरते: ‘आजोबा, जेवणाचीच भीती बसली म्हणजे त्रास मोठा आहे. मला ताटात तसं काही दिसत नाही. पण कालपासून तुमच्या पोटात काही नाही. न सोललेलं केळं देऊ? तुमच्या हातानं सोला.’ इथं खोटं बोललेलं नाही, चेष्टा केलेली नाही आणि पोटात चार घास जायची सोयही झाली. भासांचंही तसंच. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय; काय म्हणतो तो?’ हा शेवटचा प्रश्न कुतूहलाचा नसतो. आवाज ‘उडी मार’ किंवा ‘त्याला मार’ असं सांगत असेल, तर ते त्याच क्षणी डॉक्टरांना कळवायचं असतं.

उदास माणसापुढं आपल्याकडं काही वाक्यं सढळ हातानं वाटली जातात. टेन्शन घेऊ नका. मनाला लावून घेऊ नका. लेकरांकडं बघा. देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होईल. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला कळतं, की विषय संपला. ‘असं का केलंत?’ हाही प्रश्न टाळायचा, कारण त्यात जाब विचारल्याचा सूर असतो. त्याऐवजी ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, सांगाल का?’ म्हटलं, की माणूस हळूहळू सांगू लागतो. आणि तो गप्प बसला तर त्याच्याजवळ गप्प बसता यायला हवं. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सगळ्यात अवघड जातं ते हेच. हातात थर्मामीटर नाही, बीपीचं यंत्र नाही, नुसतं स्टुलावर बसायचं. दारातून जाणाऱ्या इन्चार्ज सिस्टरला ती रिकामी बसलीय असंच वाटतं.

तक्रारी सांगण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. माळशिरसची बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. छातीत धडधडतं, अंग गळून गेलंय, डोक्यात मुंग्या येतात, कशात मन लागत नाही, रात्री तीनला जाग येते ती येतेच. तिचा बीपी बघितला जातो, रक्त तपासलं जातं, ताकदीच्या गोळ्या आणि एखादी सलाईन देऊन तिला घरी पाठवलं जातं, आणि महिनाभरानं ती परत येते. मानसिक स्थितीची तपासणी करताना पेहराव, हालचाल, बोलण्याचा वेग, भाव, विचार, भास, भान, स्मरण, आजाराची जाण असे मुद्दे क्रमानं भरायचे असतात. त्या रकान्यांत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत हा नियम पुस्तकातही आहे. तो पाळला तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट कळतो. ‘मूड डिप्रेस्ड’ एवढं लिहिलं तर फक्त रकाना भरतो.

आता या सगळ्या पसाऱ्यातला सर्वात गंभीर भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. शेतीप्रधान तालुक्यात यातला मोठा प्रश्न कीटकनाशकांचा. विषबाधेचा रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यात येतो तेव्हा पहिले तास अॅट्रोपिनचे, श्वासावर लक्ष ठेवण्याचे असतात. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषात एक ते चार दिवसांनीही श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात, म्हणून ‘शुद्धीवर आला, सुटलो’ म्हणायची घाई करायची नसते. या बाबतीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या परिचारिकांचा हात बसलेला आहे. अडतं ते त्यानंतर. जीव वाचलेल्या माणसाच्या खाटेभोवती गर्दी जमते. कुणी रडतं, कुणी शिव्या घालतं, कुणी ‘आमचं नाक कापलंस’ म्हणतं. पोलीस जबाब घ्यायला येतात. आणि सगळे गेल्यावर तो छताकडं बघत पडून राहतो. पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका याच दिवसांत सर्वात जास्त.

कायदा इथं परिचारिकेच्या बाजूनं आहे, हे कित्येक दवाखान्यांत अजून पोचलेलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं ११५ वं कलम सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं, तिला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या ३०९ कलमासारखा सरसकट गुन्हाच उरलेला नाही. तेव्हा ‘केस होईल’ या भीतीनं ‘चुकून औषध प्यालं गेलं’ असं लिहून घेण्याचं कारण राहिलेलं नाही. खरं लिहिलं, तरच पुढचा उपचार खरा होतो.

मग परिचारिकेनं काय करायचं? स्पष्ट विचारायचं. ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं अजून मनात येतं का? काही ठरवलंय का?’ विचारल्यानं मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे; विचारल्यावर बहुतेक माणसं सुटकेचा श्वास टाकतात. खाट नर्सिंग स्टेशनसमोर घ्यायची. दर पंधरा मिनिटांनी, पण ठरावीक मिनिटाला नव्हे, नजर टाकायची. भेटायला येणाऱ्यांतले शिव्या घालणारे कमी करायचे. औषधं सुरू झाल्यावर पेशंट हिंडू-फिरू लागला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण उदासी हटण्याआधी अंगात ताकद येते आणि तो पंधरवडा जोखमीचा असतो. घरी सोडताना नातेवाइकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: फवारणीची औषधं घरात नकोत; कुलपात ठेवा, नाहीतर शेजाऱ्याकडं ठेवा. हा सल्ला किरकोळ वाटतो, पण श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातल्यावर १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. विष हाताशी नसेल तर ती एक घटका टळते.

औषधांच्या बाबतीत विद्यार्थिनी दुष्परिणामांच्या याद्या घोकतात. पण यादीतली कुठली गोष्ट गावात कोणत्या रूपात भेटते, हे कुणीतरी सांगायला हवं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाच्या इंजेक्शननंतर काही तासांत किंवा दिवसांत एखाद्या तरुणाची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. हा अॅक्यूट डिस्टोनिया; प्रोमेथाझिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिलनं तो लवकर उतरतो. घरच्यांनी हे दृश्य आधी अंगात येण्याशी जोडलेलं असतं. दवाखान्यात सांगून पाठवलं नसेल, तर ते पेशंटला घेऊन देवऋषाकडं जातात आणि औषध कायमचं बंद होतं. लिथियमची गोष्ट तर खास सोलापुरी उन्हाळ्याची. रक्तातलं त्याचं प्रमाण लिटरमागं साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत ठेवावं लागतं; दीडच्या वर गेलं की उलट्या, जुलाब, मोठी थरथर, झोकांड्या. एप्रिलच्या उन्हात रानात घाम गाळणारा माणूस, त्यात बीपीसाठी मीठ कमी केलेलं, वर अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, या तिन्ही गोष्टी लिथियम चढवणाऱ्या आहेत. ‘पाणी भरपूर प्या, मीठ एकदम तोडू नका, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका’, सिस्टरचं एवढं बोलणं एखाद्याला अतिदक्षता विभागापासून वाचवू शकतं. क्लोझापिनवर असलेल्याला ताप आणि घसादुखी झाली, तर ती व्हायरल समजायची नाही, आधी पांढऱ्या पेशी मोजायच्या.

मनाचा वाटणारा आजार कधी शरीराचाच निघतो, हे वारीत दिसतं. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होतं. त्या गर्दीत बरळणारे, वाट चुकलेले, कोणत्या दिंडीतले ते सांगता न येणारे म्हातारे वारकरी आरोग्य पथकापुढं आणले जातात. त्यांतल्या कुणाला स्मृतिभ्रंश असतो, तर कुणाच्या अंगातलं पाणी आणि सोडियम उतरलेलं असतं. भान अचानक हरपलं असेल, दिवसभरात कमीजास्त होत असेल, तर आधी शरीराचं कारण शोधायचं. हा धडा वारीत जितका ठसतो तितका वर्गात ठसणार नाही.

कायद्याकडं परत येऊ, कारण त्यात परिचारिकेसाठी आणखी काही आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. नव्या कायद्यानं साखळीनं बांधण्यावर सरसकट बंदी घातली. शारीरिक बंधन घालायचं झालंच, तर लगेच होऊ घातलेली इजा टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, नोंद करून आणि गरजेपेक्षा एक क्षण जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. शेवटची अट वाचून कुठलीही वॉर्ड इन्चार्ज खिन्न हसेल, पण ती लिहिलेली आहे हे चांगलंच. सक्तीनं मुंडण करता येणार नाही. गणवेशाची सक्ती नाही, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळायलाच हव्यात. शॉक उपचार भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय देता येत नाहीत. हिंदी सिनेमानं दाखवलेला तडफडणारा पेशंट कायद्यानं आता इतिहासजमा आहे. ही सारी कलमं वाचायला मोठी वाटतात. अमलात येतात ती कपडे वाटणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, उपचाराआधी पोट रिकामं आहे ना बघणाऱ्या माणसांच्या हातून.

याच कायद्यातली एक व्याख्या या लेखाच्या दृष्टीनं सर्वात मोलाची. मानसिक आरोग्य परिचारिका कोण? मनोविकार परिचर्येची पदविका किंवा पदवी घेतलेली तर आहेच, पण सामान्य नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी असलेली आणि राज्य परिषदेकडं नोंदलेलीसुद्धा. म्हणजे कायद्याच्या लेखी अकलूजच्या प्रसूती वॉर्डातली सिस्टरही या व्याख्येत बसते. प्रश्न तिला तसं वाटतं का, एवढाच.

वाटावं अशी परिस्थिती आहे. देशात लाख लोकसंख्येमागं मानसोपचारतज्ज्ञ ०.७५, असा आकडा संसदीय समितीनं २०२३ मध्ये मांडला. हवे असतात तीन. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना सर्वेक्षणाच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना होते. (या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आपण शेजारच्या गुजरात-मध्य प्रदेशावरून अंदाज बांधतो.)

तज्ज्ञ नसताना काय करता येतं, याचं उत्तर मात्र आपल्या आसपासच सापडतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्या कार्यकर्त्यांना शिकवलं, नैराश्यावर समुपदेशन घरापर्यंत नेलं, आणि दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ समुपदेशक बसवले. सरकारी केंद्रांतले रुग्ण लक्षणीय प्रमाणात सुधारले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, कारण तिथं नेहमीच्या उपचारानंही बरेच सुधारत होते. पुण्यात १९८६ साली येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचं पाठबळ त्यामागं होतं. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनाच तिथं पुढं कार्यकर्ते केलं गेलं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरचे मनोरुग्ण बरे करून त्यांच्या घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. कुटुंबांच्या बाजूनं डॉ. जगन्नाथ वाणींच्या पुढाकारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’नं (२००४) हा आजार मराठी घरात चर्चेला आणला. नर्सिंगच्या वर्गात एखादी दुपार हा चित्रपट लावला तर चार तासांच्या लेक्चरपेक्षा जास्त काम होईल.

काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या गावकऱ्याला जे जमतं, ते तीन-चार वर्षं शिकलेल्या परिचारिकेला का जमू नये? जमतं. पण तिच्या वाट्याला वेळ येत नाही, आणि तिला शिकवलं जातं ते चित्र अर्धं असतं. मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगमध्ये मुली पाहतात ते बहुतांशी जुने, घरच्यांनी सोडलेले, वर्षानुवर्षं तिथंच राहिलेले रुग्ण. पहिले दोन दिवस भीतीत जातात. घरून फोन येतो, ‘वेड्यांच्या दवाखान्यात सांभाळून राहा.’ मग भीती जाऊन कणव येते, केस स्टडी होते, आणि मुली परत येताना एक समज घेऊन येतात, की मानसिक आजार म्हणजे हे, आणि तो इथं असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात हा विषय पाचव्या आणि सहाव्या सत्रात आहे आणि त्यात बाह्यरुग्ण विभाग, व्यसनमुक्ती केंद्र, समाजातलं काम हे सगळं धरलेलं आहे. कागद चुकीचा नाही. पण बसची सोय, राहण्याची सोय आणि सह्या एकाच ठिकाणी मिळण्याची सोय मनोरुग्णालयात असते.

देवऋषाचा विषय टाळून हा आढावा पुरा होणार नाही. मानसिक त्रासाचा रुग्ण दवाखान्यात येण्याआधी बहुधा कुठंतरी जाऊन आलेला असतो: उतारा, अंगारा, गंडा. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा गुन्हा ठरवला आहे, आणि अंगावर वळ किंवा चटक्यांचे डाग दिसले तर ते डॉक्टरांच्या नजरेस आणणं, केसपेपरवर नोंदवणं हे परिचारिकेचं काम आहे. पण मनगटातला धागा कापायला सांगणं हे तिचं काम नाही. ‘तिकडचं तिकडं चालू द्या, गोळी मात्र चुकवू नका’ असं म्हणणारी सिस्टर त्या घरात पुन्हा जाऊ शकते. वाद जिंकलेल्या सिस्टरला दार उघडलं जात नाही.

दोन गोष्टी तर आज सुरू असलेल्या व्यवस्थेतच बसणाऱ्या आहेत. आशाताई घरोघर जो तपासणी तक्ता भरतात, त्यात गेल्या दोन आठवड्यांतल्या उदासीबद्दल आणि कशातच रस न वाटण्याबद्दल दोन प्रश्न असतात. ते घाईत ‘नाही, नाही’ असे भरले जाऊ नयेत म्हणून विद्यार्थिनींनी कम्युनिटी पोस्टिंगमध्ये आशाताईंबरोबर ओट्यावर बसावं. ज्यांची उत्तरं ‘हो’ येतील त्यांना पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं न्यावं. तिथं काही ठिकाणी नर्सिंगच शिकलेली व्यक्ती बसलेली असते. दुसरी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्यानं पसरलेल्या या कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या रुग्णालयांना भेट देतं. त्या दिवशीच्या ओपीडीत नवे, घरी राहणारे, औषधावर कामधंदा करणारे रुग्ण भेटतात, म्हणजे नेमके ते, जे मनोरुग्णालयात दिसत नाहीत.

तालुक्याच्या गावांतल्या नर्सिंग शाळांनी आणि महाविद्यालयांनी म्हणून पोस्टिंगचं वेळापत्रक पुन्हा मांडावं. येरवडा राहू द्या, पण निम्मे दिवस जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात, पथकाच्या ओपीडीत आणि विषबाधेच्या खाटांशी घालवा, आणि त्या दिवसांच्या सह्या तितक्याच धरा. सर्जिकल वॉर्डाच्या दाखल-नोंदीत ‘शेवटची दारू कधी’ हा रकाना छापून घ्या. आणि ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर, जो १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास फुकट चालू आहे आणि मराठीतही बोलतो, तो ड्यूटी टेबलावर आणि डिस्चार्ज कार्डावर दोन्हीकडं ठसठशीत लिहून ठेवा.